बीपी नॉर्मल आलंय, आता गोळी बंद करू का?

ह्या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं बीपी, शुगर आणि वजन ह्या तीन गोष्टींवरची आहेत आणि बरीचशी गावाकडून आलीत, जिथे दवाखाना म्हटलं की आधी सब-सेंटर, मग पीएचसी आणि फारच झालं तर तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. हे शहरातल्या खात्यापित्या लोकांचे आजार आहेत असं अजूनही कुणी ना कुणी म्हणतंच. आयसीएमआर ह्या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभरचा मोठा अभ्यास २०२३ साली आला, त्यात मोठ्या माणसांपैकी ११.४ टक्के लोकांना डायबिटीस आणि ३५.५ टक्के लोकांना हाय बीपी निघालं, म्हणजे बीपी तर दर तिघांत एकाला, आणि ह्यात खेडीपाडी पण धरलेली आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात डायबिटीस २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. म्हणून ह्या वेळची सगळी जागा ह्याच प्रश्नांना दिलीय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझं वय ५२, सातारा जिल्ह्यात राहते, घरची शेती आहे. मध्यंतरी गावात तपासणी होती तेव्हा सिस्टरनी बीपी घेतलं ते १६४/१०० निघालं, पुढच्या आठवड्यात परत घेतलं तरी तेवढंच, मग पीएचसीतून गोळी सुरू झाली. परवा १२८/८० आलं. मला आधीही काही त्रास नव्हता, आताही नाही. जाऊबाई म्हणतात एकदा सवय लागली की गोळी सुटत नाही, नॉर्मल आहे तोवर बंद करून टाक. काय करू?

उत्तर: ताई, बंद करू नका. हे १२८/८० गोळीने आणलंय, गोळी थांबली की काही दिवसांत ते परत १६० च्या घरात जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही, कारण तुम्हाला तेव्हाही काही जाणवत नव्हतं. बीपीची सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. डोकं दुखलं, चक्कर आली तरच बीपी वाढलं असं लोक धरून चालतात, आणि वर्षानुवर्षं काहीच न दुखता ते आतल्या आत हृदय, किडनी, डोळ्यांचा पडदा आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतं. पहिलं लक्षण म्हणून थेट लकवा मारलेली माणसं मी बघितलीत, चाळिशी-पन्नाशीतली, घर चालवणारी, आणि नातेवाईकांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, गोळी चालू होती पण बरं वाटत होतं म्हणून सोडली.

जाऊबाईंना सांगा की ह्या गोळ्यांची सवय लागत नाही. आजार लांबचा आहे म्हणून गोळी लांबची आहे, एवढंच. तुम्हाला बहुतेक ॲमलोडिपिन ५ मिलिग्रॅम दिली असेल, ती रक्तवाहिन्या सैल करते. कुणाकुणाच्या पायावर तिने सूज येते, तशी आली तर घरी बंद करून बसू नका, डॉक्टरांना दाखवा, टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी पीएचसीत असते. वजन उतरलं, मीठ कमी झालं आणि बरेच महिने बीपी खाली राहिलं तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, पण तो त्यांनी ठरवायचा.

मिठाचं जरा नीट बघा. एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि आपल्याकडे सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास पोटात जातं. भाजीत कमी टाकलं पण जेवताना ठेचा, लोणचं, पापड, खारवलेली मिरची असेल तर काही उपयोग नाही. ताटात वरून मीठ घ्यायची सवय आधी मोडा, मिठाची बरणी जेवणाच्या जागेवरून उचलून ठेवली तरी फरक पडतो. आणि एक गोष्ट डॉक्टरसमोर बायका सांगत नाहीत म्हणून मीच विचारते, मिश्री लावता का? लावत असाल तर ती तंबाखूच आहे, बीपीला आणि हृदयाला तेवढीच वाईट.

तुमच्या जिल्ह्याचं एक सांगते. बीपी कंट्रोलचा जो देशपातळीवरचा कार्यक्रम २०१७ च्या शेवटी सुरू झाला त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते, भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि तुमचं सातारा. त्यात काही भारी मशीन नव्हती की महागडी औषधं नव्हती. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, एका वेळी महिन्याभराचा पुरवठा, प्रत्येक पेशंटचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन. बीपी कंट्रोलमध्ये राहायला लागतं ते एवढंच, आणि ते तुमच्या सब-सेंटरला होऊ शकतं. त्यासाठी जिल्ह्याच्या स्पेशालिस्टकडे एसटीने जायची गरज नाही.

प्रश्न: आमचे आईवडील ऊसतोडीला जातात, बीड जिल्हा. वडिलांना शुगर आहे, वय ४९, गावच्या पीएचसीतून मेटफॉर्मिन आणि आणखी एक बारकी गोळी मिळते. दिवाळीनंतर टोळी निघते ती थेट मार्च-एप्रिलला परत, कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. तिकडे गेल्यावर एक महिना गोळ्या चालतात, मग संपतात ते संपतातच. गेल्या वर्षी परत आले तेव्हा शुगर ३८० होती आणि पायाला जखम. मुकादम सुट्टी देत नाही, खाडा पडला तर पैसे कापतात. काय करावं?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. सरकारी कार्यक्रमात एक गृहीत धरलेलं असतं, की पेशंट वर्षभर त्याच गावात असतो. मराठवाड्यातून लाखो माणसं अर्धं वर्ष बाहेर असतात, त्यांच्यासाठी ही व्यवस्था अजून नीट बसलेली नाही आणि हा दोष तुमच्या वडिलांचा नाही. त्यामुळे काय होऊ शकतं ते सविस्तर सांगते.

टोळी निघायच्या आधी वडिलांना घेऊन पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरना भेटा आणि स्पष्ट सांगा की आम्ही ऊसतोडीला चाललोय, पाच महिने येणार नाही. साठा असेल तर एका महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात, पण तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं? त्याच वेळी शुगर, बीपी, लघवीची तपासणी आणि पाय बघून घ्या. कार्डाचा आणि गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, एक प्रत तुमच्याकडे. आभा नंबर, म्हणजे सरकारचा आरोग्याच्या नोंदींचा ओळख नंबर, काढला नसेल तर काढून घ्या, तिकडच्या डॉक्टरला जुनी नोंद सापडायला मदत होते.

गोळ्या संपत आल्या की कारखान्याच्या जवळची जी कुठली पीएचसी असेल तिथे जा. तुम्ही इथले नाही, आधार तिकडचं आहे, असं सांगून कुणी परत पाठवत असेल तर ते चूक आहे, सरकारी केंद्रात कुठल्याही तालुक्याच्या माणसाला औषध मिळायला पाहिजे. महाराष्ट्रात तर १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपर, तपासणी, उपचार सगळं मोफत केलंय. कुणी ऐकतच नसेल तर १०४ वर फोन लावा. वडिलांना एकट्याला जायला खाडा पडतो म्हणता, तर टोळीतल्या दुसऱ्या कुणाच्या गोळ्या चालू असतील तर कार्डं घेऊन आळीपाळीने एकाने जाऊन सगळ्यांच्या आणायच्या असं ठरवा, त्या पीएचसीत आधी एकदा सगळ्यांनी जाऊन नाव लावलं असेल तर पुढे ते जमून जातं.

आता ती "बारकी गोळी". ती ग्लिमेपिराइड असण्याची शक्यता आहे, पाकीट बघून खात्री करा, कारण ते महत्त्वाचं आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर एकदम खाली जायचा धोका फार कमी, पण ग्लिमेपिराइड घेऊन पहाटे चारला उपाशीपोटी फडात उतरलं, ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या आणि भाकरी मिळाली अकराला, तर शुगर धाडकन उतरू शकते. घाम फुटणं, हातपाय थरथरणं, डोळ्यापुढे अंधारी, बोलण्यात भ्रम, असं झालं की लगेच साखर, गूळ नाहीतर उसाचा रस द्यायचा आणि मग काहीतरी खायला. ही गोळी खाण्याबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी नाही, आणि कामाची वेळ अशी आहे हे डॉक्टरना सांगितलं तर ते गोळी किंवा तिची वेळ बदलून देतील. खिशात साखरेची पुडी असू द्या आणि शेजारी कोयता चालवणाऱ्याला माहिती असू द्या की ह्यांना शुगर आहे.

पायाबद्दल तर हात जोडून सांगते. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव कमी होते, पाचट, उसाचं खुंट, पाणी दिलेल्या रानातला चिखल ह्यात कापलं तरी दुखत नाही आणि कोपीवर आल्यावर पण कुणी बघत नाही. चप्पल घालून फडात जाऊ नये, पुढून बंद असलेला बूट हवा, आणि रोज रात्री आईने टॉर्च लावून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. जखम दिसली, रंग काळपट झाला, वास आला तर त्याच दिवशी दवाखाना, मुकादम काहीही म्हणो. बोट काढावं लागलं तर एक नाही, सगळेच पुढचे सीझन जातात, हे त्या मुकादमालाही सांगा.

आणि अंगदुखीसाठी दुकानातून ज्या लाल-पिवळ्या गोळ्या घेतात, त्यात बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. रोज रोज घेतल्या तर बीपी वाढतं आणि शुगरवाल्याची किडनी लवकर जाते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल मागून घ्या.

प्रश्न: माझं वय ३६, वजन ६१ किलो, उंची पाच फूट सहा इंच. कुठूनही जाडा दिसत नाही, फक्त पोट थोडं आहे. कंपनीच्या चेकअपमध्ये उपाशीपोटी शुगर १३१ आली. मित्र म्हणतात लॅबची चूक आहे, बारीक माणसाला डायबिटीस होत नाही. खरं का?

उत्तर: होतो, आणि आपल्या लोकांत बराच होतो. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर म्हणजे डायबिटीसच्या हद्दीत, पण एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, दुसऱ्या दिवशी परत उपाशीपोटी आणि जमलं तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, करून घ्या, ते ६.५ किंवा जास्त आलं तर नक्की समजा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मोठं काम पुण्यातच झालंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला आणि जन्मलेल्या मुलांकडे पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यांना दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी, साधारण २.७ किलो, इंग्लंडमधली ३.५ च्या आसपास, पण चरबी मात्र आपल्या बाळांनी त्या मानाने टिकवून ठेवलेली, कमी असतात ते स्नायू. वरून बारीक, आतून चरबी. अशा शरीराला पुढे मोटारसायकल, खुर्चीतली नोकरी आणि शेव-फरसाण मिळालं की शुगर लवकर चढते. म्हणूनच आपल्या लोकांसाठी वजनाची रेघ खालीच ओढलीय, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा. तुमचा बीएमआय २२ च्या खाली येतो, म्हणजे कागदावर तुम्ही फिट.

म्हणून काटा सोडा आणि टेप घ्या. शर्ट वर करून, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीला कंबर मोजा, पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. तुम्हाला उपाशी राहून किलो कमी करायचे नाहीत, स्नायू वाढवायचेत आणि पोट उतरवायचंय, तर चालण्याबरोबर जोर, बैठका, वजन उचलणं असं काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा पाहिजेच, आणि ताटात भात-चपाती थोडी कमी करून उसळ, डाळ, अंडं, दही वाढवा.

प्रश्न: साखर सोडून गूळ चालेल का? आणि ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तर चालते ना? कारल्याच्या रसाने गोळी बंद होते का?

उत्तर: गूळ नाही चालत, शुगर तेवढीच वाढते. भाकरी चपातीपेक्षा बरी पण ती पण पिठाचीच आहे, तीन-चार खाल्ल्या तर ज्वारी असो की गहू, रिपोर्टमध्ये दिसणारच. कारल्याची भाजी आवडीने खा, गोळी तिच्यामुळे बंद करू नका. आणि पुड्या बांधून देणारा कुणी "आठ दिवसांत शुगर गायब" म्हणत असेल तर तिथून निघा, अशा काही पुड्यांत ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्यात.

प्रश्न: मॅडम मी आशा आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका बघायचे फॉर्म, भरायचे असतात. बायका भेटतात पण पुरुष घरी नसतातच, असले तरी म्हणतात मला काही झालेलं नाही. ज्यांच्या गोळ्या चालू केल्या ते दोन महिन्यांनी येत नाहीत. वर मीटिंगमध्ये आम्हालाच बोलणी. लोकांना काय सांगू म्हणजे येतील?

उत्तर: ताई, आधी हे सांगते की लोक येत नाहीत ह्याचं सगळं ओझं तुमच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही. माणूस कामाचा खाडा करून केंद्रावर आला आणि "गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकून गेला की तो पुन्हा येत नाही, मग तुम्ही कितीही गोड बोला. माझ्या अनुभवात सुटलेल्या पेशंटमागे हे कारण फार वेळा असतं. म्हणून मीटिंगमध्ये तुमच्याकडे न आलेल्यांची यादी मागतील तेव्हा त्याच वहीत कुठल्या तारखेला कुठली गोळी नव्हती ते पण लिहून न्या आणि सीएचओ मॅडमना, म्हणजे सब-सेंटरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, सोबत घेऊन वाचून दाखवा. भांडायला नको, फक्त वाचा.

पुरुषांसाठी घरोघर फिरून उपयोग नाही, ते जिथे सापडतात तिथे मशीन गेली पाहिजे. सकाळी दूध डेअरीवर, आठवडी बाजारात, रेशन दुकानावर, भजनाच्या आधी देवळात, गाव बघून ठरवा. सीएचओंना आठवड्यातली एक संध्याकाळ मागा. फक्त बीपी नीट घेतलं जाऊ द्या, डेअरीच्या रांगेत उभ्या माणसाचं, तोंडात तंबाखू असताना, बोलता बोलता घेतलेलं बीपी खोटं येतं. पाच मिनिटं बसवा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. १४०/९० च्या वर आलं तर घाबरवू नका, दुसऱ्या दिवशी परत घ्यायला बोलवा.

बोलताना लकव्याची भीती घालून लोक येतात पण टिकत नाहीत, असं मला वाटतं. त्यापेक्षा गावातलाच एखादा माणूस बघा जो चार-पाच वर्षं गोळी घेतोय आणि शेतात रोज कामाला जातोय, त्याला दोन शब्द बोलायला लावा. आणि ज्याचं बीपी कंट्रोलमध्ये आलंय त्याला ते आकडे मोठ्याने सांगा, "आजोबा मागच्या वेळी १७०, आज १३२, छान" असं. त्याला स्वतःचा आकडा पाठ झाला की तो तारीख विसरत नाही.

प्रश्न: माझ्या मुलीला गरोदरपणात सातव्या महिन्यात शुगर निघाली, गोड पाणी पाजून तपासतात त्यात १६८ आली. इन्सुलिन लागलं नाही, जेवण बदलून आणि गोळीवर भागलं. बाळंतपण नीट झालं, बाळ ३ किलो. डॉक्टर म्हणाले शुगर आता गेली. आता काळजी नाही ना?

उत्तर: बाळंतपणानंतर बहुतेकींची शुगर खाली येतेच, त्यात डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत. त्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातली शुगर धरतात, तिची १६८ होती. ज्या बाईला ही होऊन गेली तिला पुढच्या आयुष्यात डायबिटीस व्हायचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि बाळंतपण झालं की सगळं घर बाळाकडे बघतं, आईचा कागद फाइलमध्येच राहतो. बाळंतपणात डिंकाचे, मेथीचे लाडू, तूप, शिरा हे सगळं प्रेमाने दिलं जातं, पण तिला लाडू लहान करा, दिवसाला एक, आणि भाजी-डाळ-अंडी भरपूर. अंगावर पाजणं जितके महिने जमेल तितकं चांगलं, त्याने तिची शुगर आणि वजन दोन्हीला मदत होते.

दीड महिन्याने तीच ग्लुकोज पाजायची तपासणी परत करायची असते, एकदा उपाशीपोटी आणि एकदा दोन तासांनी. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमाराला येते, तर लसीच्या दिवशी मुलीला पण उपाशीपोटी घेऊन जा आणि सिस्टरना आधीच सांगून ठेवा. पीएचसीच्या लॅबमध्ये होत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात होईल, तिथे जाताना गरोदरपणाचं कार्ड न्या. ती चांगली आली तरी पुढे दर वर्षी एकदा शुगर बघायची, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीला सांगायचं की मागच्या वेळी शुगर निघाली होती.